निवृत्त माणसांनो, कादंबरी वाचा आणि आपलं मत सांगा

ही विनंती आमच्या चांदूर बाजार तालुक्यातल्या, आणि तशी सगळ्या वऱ्हाडातल्या, अशा माणसांना आहे ज्यांची नोकरी संपली आहे, वावराचा कारभार पोरांनी हाती घेतला आहे आणि जेवण झाल्यावर चार वाजेपर्यंतचा वेळ कसा काढावा हे ज्यांना रोज नव्याने ठरवावं लागतं. मी तलाठी होतो. जन्मभर सातबारा, फेरफार, पीकपाहणी आणि पंचनामे लिहिले. निवृत्त झाल्यावर कादंबऱ्या वाचायला लागलो आणि आता त्यांच्याशिवाय दिवस जात नाही. गेल्या काही दिवसांत वाचलेल्या कादंबऱ्यांबद्दल माझं जे मत झालं ते इथे सांगतो. तुम्हीही वाचावं आणि आपलं मत मोकळेपणाने, न भिता सांगावं, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

न भिता असं मुद्दाम म्हणतो. आपल्याकडे शिकलेला माणूसही पुस्तकाचं नाव निघालं की म्हणतो, आम्हाला बाप्पा त्यातलं काय कळते. राजकारणावर तोच माणूस तासभर बोलतो, संत्र्याच्या भावावर बोलतो, दुसऱ्याच्या पोराच्या लग्नावरही बोलतो. कादंबरीत तर माणसंच असतात. त्यांचं कर्ज, त्यांची भांडणं, पोरीच्या लग्नाची काळजी, म्हाताऱ्यांचे आजार. हे सगळं ज्याने साठ-पासष्ट वर्षं जवळून पाहिलं त्याला कादंबरीतलं खरं-खोटं कळणार नाही तर कोणाला कळेल? कॉलेजातला पोरगा ‘धग’ परीक्षेसाठी वाचतो तेव्हा त्याला घरातलं पीठ संपणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. तुम्हाला ते सांगावं लागत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की निवृत्त माणूस हा कादंबरीचा सगळ्यात लायक वाचक आहे.

बहुतेकांचं वाचन ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’ इथे थांबलेलं असतं. वाचनालयात याच पुस्तकांच्या प्रती झिजून पिवळ्या झालेल्या दिसतात. त्यात वाईट काही नाही, मीही ती वाचली आणि रात्रभर जागलो. पण ‘मृत्युंजय’ आली 1967 साली आणि ‘स्वामी’ त्याच्याही आधी, 1962 साली. त्यानंतर मराठीत किती काय लिहिलं गेलं! अलीकडे ‘मृत्युंजय’ पुन्हा हाती घेतली. भारावून टाकण्याची ताकद अजून तशीच आहे, हे कबूल करतो. पण या वयात मला जाणवलं की त्यातला कर्ण फार सुंदर बोलतो. दुःखात असलेला माणूस इतका सुंदर बोलत नाही. मी पंचनाम्याला गेलो की ज्याचं सगळं गेलं तो माणूस एक तर गप्प बसायचा, नाहीतर भलतंच काहीतरी बोलायचा. चहा घ्या म्हणायचा, बैलाला पाणी दाखवलं का म्हणून पोराला विचारायचा. असं बोलणारी माणसं मला ‘धग’मध्ये सापडली. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 साली आली. शेळके अमरावतीचे. कौतिक नावाची बाई, तिचा शिंपीकाम करणारा नवरा महादेव, पोरं, आणि रोजचा संसार. नवऱ्याच्या हातून काही होत नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि ही बाई घर धरून ठेवायला राबते. गोष्ट एवढीच आहे. शेवट सांगत नाही. कादंबरीतली माणसं आपल्या वऱ्हाडीतच बोलतात. ती बोली सजवलेली नाही आणि हसवण्यासाठीही वापरलेली नाही. टीव्हीवर वऱ्हाडी माणूस दिसला की तो बावळट, नाहीतर विनोदी असणार हे आता ठरल्यासारखं झालं आहे. शेळक्यांनी साठ वर्षांपूर्वी याच बोलीत एका बाईचं सगळं आयुष्य उभं केलं आणि वाचताना एकदाही हसू येत नाही.

यातल्या महारोगाबद्दल तरुण वाचकांना थोडं सांगावं लागेल. आज गोळ्यांनी हा आजार बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, त्यामुळे त्याची भीती काय होती हे पोरांना माहीत नाही. आपल्या पिढीला माहीत आहे. परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय आहे, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभं केलेलं तपोवन आहे. लहानपणी या नावांचा उच्चारही मोठी माणसं हळू आवाजात करत. घरात एकाला रोग झाला की सगळ्या घराची सोयरीक तुटायची. महादेवच्या हातापायांत फरक पडायला लागतो तेव्हा कौतिकच्या पोटात काय कालवतं ते लेखक लांबवून सांगत नाही. ज्याने तो काळ पाहिला त्याला सांगायची गरजही नाही.

‘धग’ मी मोठ्याने वाचली. आमच्या घरी दुपारी तूर निवडायचं, लसूण सोलायचं काम चाललेलं असतं. पत्नीला वाचायची सवय नाही, पण ऐकायची आहे. सुरुवातीला तिचं लक्ष अर्धं सुपात होतं. मग कौतिक एके ठिकाणी नवऱ्याला बोलते, तिथे मी पाणी प्यायला थांबलो तर ती म्हणाली, “थांबले काहून? वाचा ना मंग पुढचं.” त्यानंतर रोज दुपारी तीच आठवण करून द्यायला लागली. पुस्तक संपल्यावर तिने जे मत दिलं ते मी कुठल्याही समीक्षेत वाचलं नाही. ती म्हणाली, “कौतिकनं सारं केलं, पन तिले कोनी विचारलं काय, का बाई तू जेवली का?” मी परत पानं उलटून पाहिली. खरोखरच, त्या बाईची विचारपूस करणारी माणसं पुस्तकभर शोधावी लागतात. म्हणून सांगतो, घरातल्या बाईमाणसांना वाचून दाखवा आणि त्यांचं मत ऐका. आपल्याकडच्या बायकांनी सगळं आयुष्य माणसं ओळखण्यात घालवलं आहे, त्यांचं मत कोणी मागितलं नाही एवढंच.

‘धग’च्या पाठोपाठ एक नवं, लहानसं पुस्तक वाचा. ‘उसवण’. लेखक देविदास सौदागर, तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. या कादंबरीला 2024 साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. यातही शिंपी आहे. तयार कपड्यांची दुकानं आली, मोबाइलवर कपडे मागवता यायला लागले आणि त्याच्या मशीनवर येणारं कापड कमी कमी होत गेलं. आपल्या बाजारात दिवाळीच्या आधी शिंप्याकडे नंबर लावावा लागायचा, तो काळ आठवा. आता त्या दुकानांत चेन बदलणं, पॅन्टची उंची कमी करणं एवढंच काम उरलं. माझं मत असं की ‘उसवण’ ही ‘धग’इतकी खोल गेलेली नाही. माणसं पूर्ण उभी राहायच्या आधी प्रसंग पुढे सरकतात. पण कारागिराच्या हातातलं काम जाताना त्याची घरातली किंमत कशी उतरते, हे त्यात फार खरं आलं आहे. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तर साठ वर्षांचं अंतर असूनही शिंप्याच्या घरातली तीच ओढाताण दिसते, आणि तेव्हा आपण नुसती गोष्ट वाचत नाही याची जाणीव होते.

आता आपल्या पूर्णा नदीकडे येतो. सातपुड्यातून येणारी पूर्णा आपल्या तालुक्यातून जाते, विश्रोळीला तिच्यावर धरण आहे, आसेगाव तिच्या काठाला आहे, पुढे अकोला-बुलडाण्याकडून ती चांगदेवला तापीला मिळते. या नदीकाठच्या माणसांवर गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी लिहिली. दांडेकर म्हटलं की लोकांना किल्ले आणि कोकण आठवतं. पण त्यांचा जन्म परतवाड्याचा, 1916 सालचा. तेरा वर्षांचा पोरगा घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेला, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिला, गावोगाव फिरला, आणि कानावर पडलेली बोली त्याने जपून ठेवली. चांदूरहून परतवाडा किती लांब आहे? तरी आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? शाळेतल्या पोरांना तर अवश्य सांगा.

या कादंबरीतली वऱ्हाडी वाचताना मला माझ्या आजीचा आवाज ऐकू आला, इतकी ती कानाला खरी वाटते. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दांडेकरांचं माणसांवर इतकं प्रेम आहे की त्यांच्या हातून कोणाचं वाईट लिहिलं जात नाही. गाव म्हटलं की त्यात वाटणीवरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ असतात, धुऱ्यावरून डोकी फुटतात, विहिरीवर कोणी पाणी भरायचं आणि कोणी नाही हे ठरलेलं असतं. तलाठ्याला गाव या बाजूनेच जास्त दिसतं. म्हणून मला हे पुस्तक आवडलं, तरी शेळक्यांचं गाव मला जास्त खरं वाटतं. तुम्हाला उलट वाटू शकतं. उलट वाटलं तर जरूर सांगा, त्यावर बोलायला मला आवडेल.

सगळ्यात जास्त मी ज्या पुस्तकाशी झगडलो ते म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’. 2002 साली आलं, 2004 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ नावाचा शिकलेला तरुण, नोकरी मिळत नाही म्हणून शेतीत अडकलेला. बायको अलका, तिला या घरात, या गावात राहायचं नाही. धाकटा भाऊ नोकरीच्या मागे. आईबाप जुन्या वळणाचे. आणि सगळ्यांच्या मधोमध न पिकणारं, न विकता येणारं वावर. 2002 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी बीटी कापसाच्या बियाण्याला देशात परवानगी मिळाली. 1972 पासूनची एकाधिकार कापूस खरेदी योजना तेव्हा शेवटचे आचके देत होती. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं ते 2006 साली. वर्तमानपत्रांनी, सरकारने, दिल्लीच्या पाहुण्यांनी विदर्भाकडे वळून पाहिलं त्याच्या चार वर्षं आधी हे पुस्तक छापून झालेलं होतं.

शेतकऱ्याची आत्महत्या झाली की तलाठ्याला अहवाल द्यावा लागतो. सातबारा मृताच्या नावावर आहे का, बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज थकलं आहे का, वसुलीचा तगादा होता का. यावरून प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं आणि पात्र असेल तर घरच्यांना 1 लाख रुपये मिळतात. ती माहिती खरी लिहावी लागते आणि मी ती खरीच लिहिली. पण त्या घरातल्या ओसरीवर बसलेला भाऊ, माहेरी निघून गेलेली आणि आता परत आलेली सून, आपण जास्त बोललो म्हणून झालं का असा विचार करणारी आई, यांच्यासाठी अहवालात रकाना नसतो. ‘बारोमास’ वाचताना मला ती सगळी घरं परत दिसली. एकदा पुस्तक बाजूला ठेवून मी चार-आठ दिवस दुसरं काहीही वाचलं नाही. ज्यांच्या घरात असं काही घडलं आहे त्यांना मी हे पुस्तक सुचवणार नाही, निदान लगेच तरी नाही. पुस्तक सुचवताना समोरच्याच्या घरात काय चाललं आहे हे पाहावं, असं मला वाटतं. बाकी सगळ्यांनी ते वाचावं. विशेषतः ज्यांची पोरं पुण्यात नोकरीला आहेत आणि ज्यांना गावातली माणसं आळशी झाली असं वाटतं, त्यांनी तर नक्की वाचावं.

माझी एक तक्रार आहे. अलकाला लेखकाने अजून ऐकायला हवं होतं. एकनाथची बाजू आपल्याला आतून कळते, अलका बाहेरूनच दिसते, चिडलेली, टोचून बोलणारी. पण शिकलेल्या पोरीचं लग्न नोकरी लागेल या भरवशावर करून दिलं आणि नोकरी लागलीच नाही, तर तिने काय करावं? आपल्या घरातल्या सुना हे पुस्तक कसं वाचतात ते मला ऐकायचं आहे. एका सुनेने मला सांगितलं की तिला अलकाचाच राग आला, आणि तिच्या जावेला एकनाथचा. एकाच घरातल्या या दोघी. असं मत ऐकलं की वाटतं, पुस्तक लिहिणाऱ्याचं काम झालं, आता आपलं काम सुरू झालं.

फार जड झालं असेल तर बुलडाण्याकडच्याच रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ घ्या. साक्षरता मोहिमेत कागदावर सगळा जिल्हा कसा साक्षर होतो त्याची गोष्ट आहे. ज्यांनी शाळेत, पंचायत समितीत, महसुलात नोकरी केली त्यांना पानोपानी ओळखीचं हसू येईल. मधल्या भागात तेच ते येतं, तिथे मी भरभर वाचलं. तुम्हीही भरभर वाचा. पानं गाळली तर कोणी दंड करत नाही.

आपल्या मुलखाबाहेरची बोली आली की लोक पुस्तक मिटतात. ‘रिंगाण’चं तसंच होईल म्हणून आधीच सांगून ठेवतो. कृष्णात खोत यांची ही कादंबरी, 2023 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. भाषा कोल्हापूरकडची, वाक्यं तुटक, पहिली वीस-पंचवीस पानं मला परक्या गावात पत्ता शोधत फिरल्यासारखी गेली. मग कानाला वळण पडलं. धरणासाठी उठवलेलं गाव, आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस परत आणायला गेलेला देवाप्पा. माणसाळलेल्या जनावराला माणूस सोडून गेला की काय होतं, आणि माणसाचं गाव सुटलं की काय होतं, हे दोन्ही त्यात आहे. आपल्या जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झालं तेव्हा गावं उठली. मेळघाटात व्याघ्र प्रकल्पासाठी कोरकूंची गावं डोंगरावरून खाली सपाटीला आली. पुनर्वसनाच्या कागदात घर, जमीन, मोबदला सगळं मोजलेलं असतं. ढोरं नव्या जागी का चरत नाहीत, हे मात्र मला ‘रिंगाण’ वाचून समजलं. ज्याचं गाव पाण्याखाली गेलं अशा माणसाला हे पुस्तक वाचून दाखवावं आणि तो काय म्हणतो ते ऐकावं, अशी माझी इच्छा आहे. अजून तसा योग आला नाही. तुमच्यापैकी कोणाला जमलं तर अवश्य करा.

मोठ्या नावाला घाबरू नका, आणि नुसत्या नावासाठी वाचूही नका. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ 2010 साली आली, पुढे नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळालं, म्हणून बरेच जण तेच पुस्तक पहिलं आणतात. सहाशे पानांच्या वर आहे. मोहेंजोदडोला उत्खननात काम करणारा खंडेराव, बाप गेल्याची बातमी, मोरगावला परतणं, आणि त्या वाटेवर सगळं खानदेशी गाव, घराणं, जाती, बायका, जनावरं आठवत जाणं. मधली कित्येक पानं मला अवघड गेली, काही कंटाळवाणी वाटली. पण शेतकरी घरातल्या बायकांबद्दल, विधवा आत्यांबद्दल, बलुतेदारांबद्दल जे लिहिलं आहे ते मी दोनदा वाचलं. सलग वाचायचा हट्ट धरू नका. आणि वाचायची सवय नसेल तर हे पुस्तक पहिलं आणूच नका. त्यापेक्षा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणा. 1955 सालची, दीडशे पानांच्या आतबाहेर, चार दुपारी संपते. माणदेशातल्या धनगरवाडीत गेलेला तरुण मास्तर आणि दुष्काळ. इतक्या कमी शब्दांत एक अख्खी वाडी उभी करणारं पुस्तक मला दुसरं माहीत नाही.

वाचताना प्रस्तावना शेवटी वाचा. मोठ्या प्राध्यापकाने पंचवीस पानं लिहिलेली असतात, ती आधी वाचली की आपल्याला काय वाटलं हे आपल्यालाच कळेनासं होतं. आधी पुस्तक, मग आपलं मत, मग दुसऱ्याचं. मी एक साधी वही ठेवली आहे. पुस्तकाचं नाव, लेखक, कुठे थांबावंसं वाटलं, कोणतं माणूस ओळखीचं वाटलं, कोणतं खोटं वाटलं. चार ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही. पुस्तक आवडलं, छान आहे, असं मात्र लिहायचं नाही, कारण त्यातून दुसऱ्याला काहीच कळत नाही. कशाने आवडलं ते लिहायचं. नावडलं तर तेही, कारणासकट. लेखकाचा मान ठेवून नावड सांगता येते.

डोळ्यांची अडचण अनेकांची आहे. मोतीबिंदू पिकला असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका, ती झाल्यावर वाचन परत सुरू झालेले कितीतरी जण मी पाहिले. तोवर नातवाला रोज दोन पानं वाचायला सांगा. मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचता येतं, स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकताही येतात. मला स्वतःला कागदच बरा वाटतो, पण ज्याला जे झेपेल ते.

पुस्तकं विकत घेणं सगळ्यांच्या निवृत्तिवेतनात बसत नाही. त्याची गरजही नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला आणि त्याखाली तालुक्या-तालुक्यात, गावागावांत वाचनालयं अनुदानावर चालतात. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. या अनुदानातून पुस्तकं घ्यायचीच असतात. कोणती घ्यायची हे पुष्कळदा मागणीवर ठरतं, आणि आपण मागणीच करत नाही. अमरावतीच्या मनोहर तल्हारांनी रिक्षावाल्याच्या आयुष्यावर ‘माणूस’ लिहिली. वाशीमकडच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला 1995 साली साहित्य अकादमी मिळाला. ती माझ्या पुढच्या वाचनात आहे. ही आपल्या शेजारची पुस्तकं. आपण ती मागितलीच नाहीत तर कपाटात येतील कशी? ग्रंथपालाला नाव, लेखक चिठ्ठीवर लिहून द्या, दोन आठवड्यांनी परत विचारा. चार जणांनी तेच पुस्तक मागितलं की ते येतं. ग्रंथपाल बिचारा वाचकाची वाट पाहत बसलेला असतो, त्याला विचारणारा भेटला की तोही खूश होतो.

आणि वाचल्यावर बोला. देवळाच्या ओट्यावर, सकाळी फिरायला गेल्यावर, लग्नाच्या मांडवात. बहिरमच्या यात्रेला हिवाळ्यात सगळा तालुका लोटतो, हंडी आणि रोडग्याची पंगत बसते, तासन्‌तास गप्पा चालतात. त्या गप्पांत एकदा कौतिकचा विषय काढून पाहा. कोणीतरी म्हणेल, आमच्या मावशीचं असंच झालं होतं. दुसरा म्हणेल, बाई चुकली, तिने माहेरी जायला पाहिजे होतं. वाद होऊ द्या. सगळ्यांचं एकमत व्हावं म्हणून कादंबरी लिहीत नाहीत.

आता एक सोयीची गोष्ट. नोव्हेंबरात आपण सगळे निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतोच. खेड्यापाड्यातले लोक त्या निमित्ताने तालुक्याला येतात, रांगेत जुने सोबती भेटतात, मग चहा होतो. या नोव्हेंबरात चहा झाल्यावर घरी जायची घाई करू नका. दोघं-तिघं मिळून वाचनालयात या, अनामत रक्कम भरून नाव नोंदवा, ‘धग’ मागा. एकच प्रत असेल तर पाळी लावा. ज्याची पाळी आधी येईल त्याने पंधरा दिवसांत वाचून पुस्तक पुढच्याच्या हाती द्यावं, आणि देताना कौतिकबद्दल आपलं मत चार ओळींत लिहून, कागद आत ठेवून द्यावा.